हेडफोनमध्ये भजनाचे शब्द का बुडतात, आणि इक्वलायझर कुठून धरायचा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडच्या एका भावानं विचारलं आहे: "दादा, पंधराशेचा हेडफोन घेतला. सिनेमाचे गाणे मस्त वाजते, पण आमच्या मंडळाचे भजन लावले का शब्दच समजून नाही राहिले. बास फुल, ट्रेबल फुल करून पाहिले तर चिरकते. मोबाइलमध्ये पाच पट्ट्या आहेत, कोणती किती ठेवू? बाबाच्या जुन्या कॅसेटीतले भजनही त्यातच ऐकायचे आहे."

मी गेली २२ वर्षं झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, साऊंड करतो. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, लागल्या की होळीपर्यंत माझ्या रात्री नाटकाच्या मिक्सरमागं जातात. उरलेले महिने भजन स्पर्धा, लग्नं आणि दुरुस्ती. शब्द बुडाल्याची तक्रार मी हजारांच्या गर्दीसाठी सोडवली आहे आणि एका माणसाच्या कानासाठीही. दोन्हीकडं कारण बहुतेक वेळा एकच निघतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इक्वलायझर म्हणजे आवाजाचे खालचे-वरचे भाग वेगवेगळे कमी-जास्त करायच्या पट्ट्या. हर्ट्झचा आकडा सांगतो सूर किती खालचा-वरचा, आणि डेसिबल सांगतो आवाज किती मोठा. थेट उत्तर आधी देतो. पाचही पट्ट्या शून्यावर आणा. मग डावीकडून दुसरी, जिच्यावर बहुतेक फोनमध्ये २३० हर्ट्झ लिहिलेलं असतं, ती ४ डेसिबल खाली ओढा. पहिली, ६० ची, २ खाली. बाकी कशालाही हात न लावता तेच भजन पुन्हा ऐका. या किमतीच्या बऱ्याच हेडफोनांत एवढ्यानंच शब्द वर येतात. तुम्ही वर ढकलत होता, तिथं खाली ओढायची गरज होती.

असं का, ते धानाच्या बांधीवरून सांगतो. बांधीत निंदण, म्हणजे तण, माजलं की धान दिसेनासा होतो. तेव्हा आपण धानाला ओढून उंच करत नाही, निंदण काढतो. भजनात शब्द आहेतच, फक्त त्यांच्यावर बासचं निंदण चढलेलं आहे. बाजारात बास जास्त असलेला हेडफोन पटकन विकला जातो. दुकानात अर्धा मिनिट ऐकलं तर धमधम आवडते, म्हणून बनवतानाच खालचा भाग फुगवलेला असतो. सिनेमाचं गाणं स्टुडिओत नीट बसवलेलं असतं, त्यामुळं ते हा फुगवटा सोसून घेतं. मंदिरात मोबाइल ठेवून रेकॉर्ड केलेलं भजन सोसत नाही. त्यात तबल्याचा डग्गा, पेटी आणि सभामंडपाचा घुमारा हे सगळं १०० ते ४०० हर्ट्झच्या मध्ये आधीच गच्च भरलेलं असतं.

आपल्याला ढोबळमानानं २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि वय वाढलं की वरचं टोक खाली येत जातं. पण बोलणं समजायला एवढा मोठा पट्टा लागतच नाही. जुन्या लँडलाइन फोनवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच भाग जायचा. तरी आवाजावरून माणूस ओळखायचा, शब्द कळायचे, निरोप चुकायचा नाही. आवाजाचा भरदारपणा खाली असतो, स्वर मधे असतात, आणि क, त, प, च यांची धार दोन हजाराच्या आसपास आणि वर असते. 'स' त्याहून वर, पाच ते आठ हजारांत. शब्द ओळखायचा तो याच धारेवरून. ६० ची पट्टी वर नेऊन एकही अक्षर स्पष्ट होत नाही. १४,००० ची नेऊन जवळपास नाहीच होत, तिथं फक्त झांजेची चकाकी आणि रेकॉर्डिंगची सळसळ असते. म्हणजे तुम्ही फुल केल्या त्या दोन्ही पट्ट्या शब्दांच्या बाहेरच्या होत्या.

हे मी एका भजन स्पर्धेत शिकलो. धंद्यात नवा होतो, रॅकमध्ये ३१ पट्ट्यांचा इक्वलायझर होता आणि मी त्याचा आकार खोलगट करून ठेवला होता: दोन्ही टोकं वर, मधला भाग खाली. पेंडॉल हादरत होता, पोरं खूश होती. तिसरं मंडळ बसलं तेव्हा पुढच्या रांगेतले एक म्हातारे उठून माझ्यापर्यंत चालत आले. म्हणाले, "बापू, खंजिरी आयकू येते, डग्गा आयकू येते. बुवा काय म्हन्ते, थे नाई समजत." ज्या माणसानं भजनातले शब्द ऐकायला संध्याकाळपासून जागा धरली, त्याला शब्द सोडून सगळं देत होतो मी. टोकं शून्यावर आणली, २५० वर ६ डेसिबल काढले, ३१५ वर ४. तीन-चार हजाराला हातही लावला नाही. बुवांचं पुढचं कडवं लख्ख आलं. तेव्हापासून पट्टी वर करण्याआधी मी स्वतःला विचारतो, हिच्यावर कोण बसलं आहे?

आता चिरकण्याचं. डिजिटल आवाजाला वरची एक हद्द असते, तिला शून्य डेसिबल म्हणतात. तो बांधीचा धुरा, म्हणजे कडेचा बांध, समजा. आजकालची गाणी त्या धुऱ्याला टेकेपर्यंत भरूनच येतात. तुम्ही ६० वर आणखी १२ डेसिबल टाकले म्हणजे त्या भागाचा दाब साधारण चौपट आणि ताकद सोळापट केली. पाणी धुऱ्यावरून जाणारच. लाटेचे शेंडे सपाट कापले जातात आणि तेच आपल्याला चिरकणं म्हणून ऐकू येतं. नंतर फोनचा व्हॉल्यूम कमी केला तरी बरेचदा ते जात नाही, कारण कापायचं ते आधीच कापलं गेलेलं असतं. उपाय सोपा आहे. इक्वलायझरमध्ये प्रीअँप नावाची, सगळाच आवाज एकदम खाली-वर करणारी पट्टी असेल, तर ज्या पट्टीला सगळ्यात जास्त वाढवलंत तेवढंच प्रीअँप खाली घ्या. कुठं ४ वाढवले तर प्रीअँप उणे ४. प्रीअँप नसेल तर सगळ्याच पट्ट्या मिळून ४ खाली सरकवा, आकार तोच राहतो आणि पाण्याला जागा मिळते. आवाज कमी वाटला तर मग व्हॉल्यूम वाढवा.

इक्वलायझर पूर्ण बंद करून, तेवढ्याच मोठ्या आवाजात ऐकूनही चिरकत असेल तर दोष सेटिंगचा नाही. आतला पडदा घासतो आहे, वायर तुटायला आली आहे, किंवा मूळ रेकॉर्डिंगच फाटलेलं आहे. दुसरं एखादं साफ गाणं लावलं की रेकॉर्डिंगचा संशय लगेच मिटतो.

पट्ट्या हलवण्याआधी तीन गोष्टी तपासायला हव्यात. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या अर्ध्याअधिक लोकांचं काम इथंच होतं, म्हणून यावर जरा थांबतो.

पहिली, एकावर एक चढलेले इक्वलायझर. गाण्याच्या ॲपमध्ये एक असतो, फोनच्या सेटिंगमध्ये दुसरा, तिथंच डॉल्बीसारखा काही परिणाम चालू असतो, आणि ब्लूटूथ हेडफोनला स्वतःचं बास वाढवायचं बटण असतं. तिघांनी मिळून बास वाढवला तर चौथ्या ठिकाणी कमी करून काही हाती लागत नाही. सगळे बंद करा, एकच चालू ठेवा.

दुसरी, वायरचा हेडफोन असेल तर त्याची पिन. गायकाचा आवाज जवळजवळ गायब आहे, वाद्यं मात्र दूर विहिरीतून आल्यासारखी येतात, असं असेल तर तो बासचा प्रश्नच नाही. पिन अर्धवट बसली आहे किंवा तिची अर्थिंगची, म्हणजे दोन्ही बाजूंची सामाईक, तार तुटली आहे. अशा वेळी डाव्या आणि उजव्या बाजूत जे समान असतं ते एकमेकांत कटून जातं, आणि गायक तर नेहमी दोन्हीकडं समान असतो. माईकचं बटण दाबून धरल्यावर शब्द परत आले तर पिनेच्या जोडणीचीच गडबड. पिन कापूसकाडीनं पुसा, शेवटपर्यंत दाबा, तरी नाही झालं तर पिन बदलून घ्या. हा दोष घेऊन लोक महिनोन्‌महिने पट्ट्या हलवत बसलेले मी पाहिले आहेत.

तिसरी, कानावरची बसण. कानात घालायचा असेल तर बोटानं हलकेच आत दाबा. दाबताच बास एकदम वाढला तर रबर तुमच्या मापाचं नाही, हवा निसटते आहे. डब्यात लहान-मोठी रबरं येतात ती याचसाठी. डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागलं तरी चालतं, माझे स्वतःचे वेगळे आहेत. कानावर बसणारा असेल तर गादीचं रेक्झीन सोललं आहे का, चष्म्याची काडी मधे येते का, ते पाहा. आणि जाळी. धान कापणीच्या, मळणीच्या दिवसांत भुसा आणि धूळ जाळीत जाऊन बसते, वर कानातला मळ. वरचा आवाज दबतो आणि माणूस ट्रेबल वाढवत राहतो. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. पाणी किंवा स्पिरिट आत सोडू नका.

एवढं झाल्यावर इक्वलायझर लावायला बसा. त्यासाठी नवं भारी गाणं निवडू नका, ओळखीचा आवाज निवडा. माझी पद्धत अशी: घरातल्या कुणाला तरी समोर बसवून दोन मिनिटं बोलायला लावायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, आणि ते माणूस समोर असतानाच हेडफोनमधून ऐकायचं. आईचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो का? छातीतून येतो आहे का? नाकात गेला का? जन्मभर ऐकलेल्या आवाजापुढं कान फसत नाही. मोबाइलचा माईक खालचा भाग थोडा खातो, म्हणून यावरून बास ठरवू नका, मधला भाग ठरवा. दुसरी कसोटी आकाशवाणीच्या बातम्या. तिथलं बोलणं मोजकं आणि स्वच्छ असतं. हे दोन्ही बरोबर वाटले की मगच भजन लावा.

मग एका वेळी एकच पट्टी हलवा. घुमट, गढूळ वाटलं तर २३० खाली. डब्यातून आल्यासारखं, कोंदट वाटलं तर ९१० एक-दोननं खाली, पण फार नको, तिथं गाण्याचा जीव असतो. शब्दांना धार कमी पडली तर ३,६०० ची पट्टी एक-दोननं वर. एरवी वर न्यायची परवानगी मी देतो ती एवढ्याच पट्टीला, तीही शेवटी. ३ च्या वर नेलीत तर पंधरा मिनिटांत कान थकतो. १४,००० शून्यावरच असू द्या. एक पट्टी हलवली की शेजारचा भागही थोडा हलतो, त्यामुळं लिहिलेल्या आकड्यावरच काम होतं असं समजू नका. दर बदलानंतर इक्वलायझर बंद-चालू करून ताडून पाहा, आणि हे करताना दोन्ही वेळचा आवाज सारखा मोठा ठेवा. कानाला मोठं ते चांगलं वाटतं. एक डेसिबलचा फरकही माणसाला "हे जास्त साफ आहे" असं वाटायला लावतो.

खंजिरीचा वेगळा उल्लेख करतो, कारण आपल्याकडं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळं ती घराघरांत गेली आहे आणि हेडफोनमध्ये सगळ्यात जास्त टोचते ती तीच. तिच्या झांजांचा आवाज साधारण सहा ते दहा हजारांत पसरतो, 'स' ची शीळही तिथंच. पाच पट्ट्यांच्या इक्वलायझरमध्ये नेमकी ती जागा नाही, ३,६०० नंतर थेट १४,०००. म्हणून भजन खूप ऐकणाऱ्यानं दहा पट्ट्यांचं ॲप घ्यावं. त्यात ८,००० ची पट्टी मिळते, ती ३ डेसिबल खाली घेतली की खंजिरी जागेवर बसते आणि शब्द तसेच राहतात. पॅरामेट्रिक इक्वलायझर मिळाला तर आणखी चांगलं: तिथं जागा, किती डेसिबल, आणि किती रुंद भाग, तिन्ही आपण ठरवतो. रुंदीच्या आकड्याला क्यू म्हणतात. तो जितका मोठा तितका भाग अरुंद. काढताना अरुंद चालतं, वाढवताना रुंद ठेवावं.

कुणी सांगेल की टोन वाजवणारं ॲप घ्या, खालून वर सूर सरकवा, जिथं मोठा वाटेल तिथं कापा. यात एक फसगत आहे. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटरची असते आणि ती स्वतःच तीन हजार हर्ट्झच्या आसपास आवाज वाढवते. जन्मापासून आपण तसंच ऐकतो, म्हणून चांगला हेडफोन तिथं मुद्दाम उठावदार ठेवलेला असतो. टोन ऐकून तो उठाव सपाट केलात तर शब्दांचीच धार गेली. टोनचा उपयोग सहा ते नऊ हजारांतला एखादा टोकदार सुळका शोधायला करा, तोही अगदी हळू आवाजात.

नावाजलेल्या कंपनीचं मॉडेल असेल तर बरंच कष्ट वाचतं. याको पासानेन यांच्या ऑटोईक्यू या मोफत प्रकल्पात हजारो हेडफोनांची मोजणी करून तयार केलेल्या सेटिंग आहेत, आणि अँड्रॉइडवर वेव्हलेट ॲपमध्ये त्या थेट लागतात. विंडोज संगणकावर इक्वलायझर एपीओ आहे, तोही मोफत. बाजारात मिळणाऱ्या नाव नसलेल्या हेडफोनाची मोजणी मात्र कुणी केलेली नसते, तिथं वर सांगितलेली कानाची पद्धतच.

किती आवाजात ऐकता यावरही सेटिंग बदलते. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. म्हणून रात्री शेतावर जागल करताना हळू ठेवलेलं भजन पातळ वाटतं. तेव्हा ६० ला २-३ वर नेणं चुकीचं नाही, प्रीअँप तेवढं खाली घ्या म्हणजे झालं. दिवसा आवाज मोठा केला की ते परत काढा. दोन सेटिंग दोन नावांनी जतन करून ठेवल्या तर सोयीचं.

ट्रॅक्टरवर उलटी गत होते. इंजिनाची घरघर नेमकी बास झाकते, माणूस बास वाढवतो, मग व्हॉल्यूम वाढवतो, आणि कानाचं नुकसान होतं ते त्याला कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसासाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे, मुलांसाठी ७५. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८९ ला फक्त ५. ऐकून उठल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर आवाज जास्त झाला असं धरा. माझ्या धंद्यातल्या किती तरी माणसांना आता समोरचं बोलणं दोनदा विचारावं लागतं, हे पाहून मी सांगतो आहे. आणि भाऊ, तुमच्याकडं वाघाचं भय आहे. मोहफुलं वेचताना, तेंदूपत्त्याला जाताना, जंगलाकाठच्या शेतात दोन्ही कान बंद करू नका. एक कान मोकळाच ठेवा. तिथं हेडफोन न लावलेला सगळ्यात बरा.

राहिल्या बाबांच्या कॅसेटी. त्यात दोन त्रास असतात. एक गुणगुण, आपल्या विजेच्या ५० हर्ट्झची आणि तिच्या दुपटीची, १०० ची. ती पॅरामेट्रिकनं अरुंद कापली की डग्ग्याला फारसा धक्का लागत नाही. दुसरी सळसळ. तिच्यासाठी वरच्या पट्ट्या थोड्या खाली घेता येतात, पण 'स' आणि झांजाही तिथंच राहतात, म्हणून ८,००० च्या खाली मी हात लावत नाही. सळसळीसकट शब्द ऐकू आलेले बरे. मंदिराचा घुमारा मात्र कोणत्याही पट्टीनं निघत नाही, २५० कमी केल्यानं फक्त हलका होतो.

या सगळ्याच्या आधीचं एक काम आहे. कॅसेट मोबाइलवर किंवा संगणकावर उतरवताना प्लेअरच्या हेडशेजारचा, म्हणजे टेप ज्याला घासून जाते त्या भागाशेजारचा, बारीक स्क्रू पाहा. दोन स्क्रूंपैकी ज्याच्याखाली स्प्रिंग असते तो. हेड तिरकं झालं असेल तर वरचा आवाज तिथंच मरतो, आणि नंतर पट्टीनं वाढवला तर फक्त सळसळ वाढते. आधी हेड कापसानं आणि स्पिरिटनं पुसून वाळू द्या. कॅसेट लावा, बुवांचा आवाज चालू असताना, लोहचुंबक न लागलेल्या छोट्या पेचकसानं तो स्क्रू पाव फेऱ्यापेक्षाही कमी, केसभर इकडं-तिकडं फिरवा. आवाज झाकोळतो आणि उघडतो ते लगेच कळेल. जिथं 'स' सगळ्यात स्वच्छ येईल तिथं थांबा आणि मग रेकॉर्ड करा. प्रत्येक कॅसेट वेगळ्या प्लेअरवर भरलेली असू शकते, म्हणून दर कॅसेटला पुन्हा ऐकून लावा. उतरवलेली मूळ फाइल जशीच्या तशी एका बाजूला जपून ठेवा. इक्वलायझरचे प्रयोग तिच्या प्रतीवर करा, आणि नातेवाइकांना पाठवायची तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.